कर्णाने दुर्योधनाला काय सांगितलं नाही



आजचं वाचन: महाभारत, शांतिपर्व, अध्याय दुसरा आणि तिसरा. युद्ध संपलंय. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला आत्ता, सगळं होऊन गेल्यावर कळलंय. तो नारदांना विचारतो, कर्णाच्या रथाचं चाक जमिनीने का गिळलं? त्याला शाप कसा लागला? मग नारद पहिल्यापासून हकिगत सांगतात.

खरं सांगू? हे दोन अध्याय मी गेलं वर्षभर टाळत होते. रोजच्या वाचनाच्या क्रमात ते दोनदा आले, दोन्ही वेळा मी पुढे सरकले. एकदा तर त्या जागी एकादशीची जुनी पोस्टच पुन्हा टाकली. तुमच्यापैकी एक-दोघांनी विचारलंही होतं, "ताई, शांतिपर्व मध्येच का सोडलं?" तेव्हा ऑफिसचं काम जास्त आहे असं सांगितलं. काम होतं, पण कारण ते नव्हतं.

कारण माझा मामेभाऊ.

माझं आजोळ माण तालुक्यात. पाऊस बेताचा, शेती त्याहून बेताची, त्यामुळे आमच्याकडे मुलगा जरा उंच झाला की लोक विचारतात, "भरतीला घालणार का?" मामाच्या पोरालाही लहानपणापासून तेच वेड. दहावीनंतर तालुक्याच्या गावातल्या एका अकॅडमीत तो राहायलाच गेला. त्यासाठी मामाने एक म्हैस विकली. पहाटे चारला उठून धावणं, मग बीम, मग लांब उडी, दुपारी गणित आणि जीके. सैन्यभरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर पूर्ण 60 गुण मिळतात आणि दहा बीमचे 40. त्याची वेळ पाच मिनिटं दहा सेकंदांवर आली होती. मला रोज स्टॉपवॉचचा स्क्रीनशॉट यायचा. ऑनलाइन लेखी परीक्षा तो दुसऱ्या प्रयत्नात पास झाला. रॅलीत धावला, बीम मारले, नऊ फुटांचा खड्डा ओलांडला. आता राहिलं होतं फक्त मेडिकल. वय वीस पूर्ण. अग्निवीरसाठी तेव्हा वयाची मर्यादा एकवीस होती, म्हणजे ही संधी जवळजवळ शेवटचीच.

एका रात्री अकराला त्याचा फोन आला. "ताई, मेडिकलला आधीचे आजार विचारतात. फिट, दमा, ऑपरेशन असं सगळं. त्यावर सही करायची असते. काय लिहू?"

त्याला लहानपणी फिट यायच्या. सहाव्या वर्षापासून. मी स्वतः पाहिलंय, सुट्टीत आजोळी गेले असताना. तो अंगणात पडला, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला आणि शेजारच्या आजींनी त्याला चप्पल हुंगवली. नंतर साताऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. शेवटची फिट सातवीत असताना आली. त्यानंतर काही नाही. गोळ्याही बंद होऊन सहा-सात वर्षं झाली होती.

ही गोष्ट थोडी समजून घ्या. पाय सपाट असतील तर मेडिकलला डॉक्टरांना दिसतात. गुडघे जुळत असतील तर दिसतात. रंग ओळखता येत नसतील तर ठिपक्यांची चित्रं दाखवून कळतं. कान, दात, वजन, छाती सगळं मोजता येतं. पण सात वर्षांपूर्वी थांबलेली फिट कशातच दिसत नाही. तिची खूण शरीरावर नाही. ती आहे की नाही हे त्या मैदानावर फक्त एकाच माणसाला माहीत असतं आणि तो रांगेत चड्डीवर उभा असतो.

त्यामुळे सगळ्यांचं एकमत होतं. अकॅडमीचे सर म्हणाले, "विचारलं तर नाही म्हणायचं. सगळेच म्हणतात." मामा म्हणाला, "आता कुठं येते? बरा झाला की तो." मामी काही बोलली नाही. तिने ट्रंकेतली डॉक्टरांची जुनी फाईल काढली आणि सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना बंबात घातली.

आणि मी? मी त्या रात्री त्याला आधी म्हणाले, "थांब, विचार करून सांगते." मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज पाठवला. गीतेच्या अठराव्या अध्यायात आगीचा आणि धुराचा दृष्टांत आहे, तो तुम्हाला माहीत आहे. मी लिहिलं, की कुठलंच कर्म दोषावाचून नसतं, म्हणून कोणी आपलं कर्म टाकू नये. देशासाठी उभं राहणं हा तुझा धर्म आहे. आता त्रास नाही, मग जुनं कशाला उकरायचं? स्पष्ट विचारलं तरच बघ, आपणहून बोलू नकोस. हेतू शुद्ध ठेव. खाली हात जोडलेली इमोजी.

त्याने लिहिलं, "थँक्यू ताई. आता टेन्शन गेलं."

टेन्शन गेलं! शास्त्र वाचणाऱ्या बहिणीने परवानगी दिली होती ना. युधिष्ठिराने निदान स्वतःच्या तोंडाने अर्धवट बोलून स्वतःचा रथ जमिनीला टेकवला होता. मी दुसऱ्याला हळू आवाजात कसं बोलायचं ते शिकवत होते, आणि तेही गीतेच्या नावाने.

दोन दिवसांनी वाचनाच्या क्रमात हे अध्याय आले.

कर्णाची गोष्ट आपण सगळे जाणतो असं आपल्याला वाटतं. टीव्हीवर पाहिलेली असते, कादंबरीतून वाचलेली असते, आणि मनात कर्णाची बाजू आधीच घेतलेली असते. माझीही होती. पण मूळ कथा सावकाश वाचली तर काही गोष्टी टोचतात. द्रोणांनी ब्रह्मास्त्र नाकारलं म्हणून कर्ण महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेला आणि मी भृगुकुळातला ब्राह्मण आहे असं त्याने सांगितलं. हे खोटं त्याने कशासाठी बोललं? पैशासाठी नाही, आरामासाठीही नाही. शिकण्यासाठी. मेहनत तर त्याने प्रचंड केली. गुरूची सेवा मनापासून केली. खोटं काय होतं, फक्त दारातलं एक वाक्य.

मग तो किडा. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपलेत, किडा मांडी पोखरतोय, रक्त वाहतंय, आणि गुरूंची झोप मोडू नये म्हणून हा हलत नाही. रक्ताचा ओलावा लागून परशुराम जागे होतात. ते पाहतात आणि ओळखतात, इतकी वेदना असा गप्प बसून सोसणारा हा ब्राह्मण नाही. म्हणजे कर्णाला उघडं पाडलं ते त्याच्या दुबळेपणाने नाही. त्याच्यातलं जे सर्वांत खरं होतं, त्याची सहनशक्ती, तिनेच पाडलं.

आणि पकडला गेल्यावर तो काय म्हणतो? मी सूतपुत्र, राधेचा मुलगा, हे तो कबूल करतो. पण पुढे असंही म्हणतो की विद्या देणारा गुरू बापासारखाच, म्हणून मी तुमचं गोत्र माझं म्हणून सांगितलं. हे वाचताना मी मोबाईल उलटा ठेवला. किती सुंदर कारण आहे! शास्त्रातलं आहे, खोडता येत नाही. माझा धुराचा दृष्टांत याच जातीचा. एकदा काय करायचं हे मनात ठरलं की त्याला साजेसं वचन सापडतंच, आणि ज्याचं वाचन जास्त त्याला ते लवकर सापडतं.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी लगेच लिहील, मला माहीत आहे: "पण ताई, द्रोणांनी कर्णाला जन्मावरून नाकारलं. अन्यायाच्या दाराशी खोटं बोललं तर पाप कसलं?" हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय आणि तो सोपा नाही. ज्या दारावर जन्म विचारतात ते दार चुकीचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परशुरामांचंही. तिथे मी कर्णाला दोषी म्हणायला धजावणार नाही. पण माझ्या भावाच्या दारावर जन्म विचारत नव्हते. तुझ्यामुळे शेजारच्याचा जीव धोक्यात येईल का, एवढंच विचारत होते. दोन दारं दिसायला सारखी वाटतात, कारण दोन्हीकडून नकार येतो.

आता ज्या जागी मी अडकले ती जागा. शाप असा होता की बरोबरीच्या योद्ध्याशी झुंज सुरू असताना, मरणाच्या घडीला, हे अस्त्र तुला आठवणार नाही. एरवी तुझ्यासारखा वीर नसेल असंही परशुरामांनी सांगितलं. विद्या काढून घेतली नाही. फक्त ज्या एका क्षणासाठी ती मिळवली, त्या क्षणापुरती ती राहणार नाही. आणि मग तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी कर्ण परत येतो, दुर्योधनाकडे जातो आणि सांगतो की मी अस्त्रविद्या मिळवली आहे.

एवढंच सांगतो. शापाबद्दल अवाक्षर नाही.

मी ते तीनदा वाचलं. परशुरामांशी बोललेल्या खोट्यावर आपण किती चर्चा करतो! या न बोललेल्या वाक्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. दुर्योधन कसाही असो, त्याने पुढे सगळं युद्ध या माणसाच्या भरवशावर मांडलं. त्याचे भाऊ, त्याचं सैन्य, कोण कुठले राजे आणि त्यांची पोरं, सगळे या भरवशावर रणात उतरले. भरवशाचा माणूस ऐनवेळी रिकामा पडणार आहे हे त्या माणसाला एकट्याला माहीत होतं.

सैन्यात जवानाला एक बडी असतो. जोडीदार. पहारा असो, गस्त असो, दोघांनी एकमेकांना सांभाळायचं. आता फिटचा आजार ज्याला होऊन गेलाय त्याला जागरण वाईट, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. झोप मोडली की फिट परत येऊ शकते. आणि सैन्यातली नोकरी म्हणजे झोपमोडच. रात्रीचा पहारा, बर्फातली चौकी, हातात भरलेली रायफल, किंवा घाटात गाडीचं स्टिअरिंग. कदाचित काहीच झालं नसतं. बहुतेक काहीच झालं नसतं, असंही म्हणू. पण त्या "कदाचित"चा जामीन कोण राहणार होतं? मी नाही, मामा नाही, अकॅडमीचे सर तर नाहीच नाही. नागालँडचा, पंजाबचा, कुठला तरी वीस वर्षांचा दुसरा मुलगा, ज्याच्या आईनेही म्हैस विकली असेल. त्याला कोणी विचारलं होतं?

मी कायदाही शोधून वाचला. इंजिनिअर आहे, वकील नाही, पण 1950 चा आर्मी अ‍ॅक्ट नेटवर मिळतो आणि त्यातली वाक्यं कळतात. कलम 44 म्हणतं की भरतीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं नंतर उघड झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वाचून घाम फुटला, पण त्याहून जास्त मी थांबले ते कलम 13 पाशी. त्यात अधिकाऱ्याचं काम सांगितलंय. समोर आलेल्या मुलाला नोकरीच्या अटी वाचून दाखवायच्या, समजावून सांगायच्या. मग प्रश्न विचारायचे, पण त्याआधी बजावायचं की खोटं उत्तर दिलंस तर शिक्षा होईल.

म्हणजे खरं बोलायची सुरुवात मुलापासून नाही. आधी सरकारने त्याला खरं सांगायचं, मग त्याच्याकडून खरं मागायचं. मला हा क्रम फार आवडला. आणि वाईटही वाटलं, कारण या मुलांशी रस्त्यात खरं बोलतं कोण? "भरतीची हमी" असे फ्लेक्स लावणारे बोलतात? लाखांत पैसे मागणारे दलाल बोलतात? 28 फेब्रुवारी 2021 ला सैन्यभरतीची लेखी परीक्षा होती. पेपर फुटल्याचं पुण्यात पकडलं गेलं आणि परीक्षा देशभर रद्द झाली. पहाटे चारला उठणाऱ्या सगळ्या मुलांची मेहनत काही जणांच्या धंद्यात वाया गेली. 2022 पासून अग्निपथ आहे. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम. ही अट जाहिरातीत स्पष्ट आहे, पण अकॅडमीत माझ्या भावाला सरांनी सांगितलं होतं, "तू चांगला आहेस, तू पंचवीसमध्येच." चार मुलांपैकी चौघांनाही तेच सांगितलं असणार.

हे सगळं मी माझ्या मेसेजची ढाल म्हणून वापरू शकले असते. सगळेच खोटं बोलतात, मग या एका पोरानेच हरिश्चंद्र का व्हायचं? खरंच, का व्हायचं? याचं मला पटलेलं उत्तर एवढंच आहे की दलाल त्या चौकीवर नसतो. तिथे बडी असतो.

आणि अजून एक गोष्ट. ट्रेनिंग संपलं की कसम परेड असते. तिथे धर्मग्रंथ आणतात, प्रत्येकाने आपापल्या ग्रंथाच्या साक्षीने शपथ घ्यायची. त्याच्यासमोर गीता येणार होती. तीच, जिच्यातला धूर काढून मी त्याला पाठवला होता.

मेडिकलला चार दिवस राहिले असताना मी त्याला फोन केला. म्हणाले, "माझा तो मेसेज डिलीट कर. मी चुकीचं सांगितलं. खरं ते लिही."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, तुझ्या रेझ्युमेत सगळं खरं आहे का?"

त्याला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, गमतीत सांगितलेली गोष्ट आहे ती. इंजिनिअरिंगनंतर आठ महिने मी घरी बसले होते. मुलाखतीत गॅप दिसू नये म्हणून बाबांच्या एका ओळखीच्यांकडून अनुभवाचं पत्र आणलं. आठ महिन्यांची इंटर्नशिप. त्या ऑफिसात मी एकदाच गेले, पत्र आणायला, आणि त्यांनी चहा पाजला होता. आजची माझी नोकरी त्याच्या पुढची पायरी आहे. ज्या लॅपटॉपवर मी हे रोजचं चिंतन लिहिते तो त्या पगारातला.

मी म्हणाले, "माझं वेगळं आहे. माझ्यामुळे कोणाचा जीव जात नाही."

तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

त्या "बरं"ला काय उत्तर द्यायचं? मुद्दा म्हणून पाहिलं तर माझं बरोबर होतं. एक्सेल शीट आणि भरलेली रायफल सारखी नाही. पण त्या वर्षी त्या जागेसाठी मुलाखतीला आणखी कोणीतरी आलं होतं, रेझ्युमेत खराखुरा गॅप घेऊन, आणि परत गेलं होतं. माझा जामीनही कोणीतरी राहिलंच होतं. मला त्याचं तोंड माहीत नाही एवढंच.

सत्यकामाची गोष्ट आपण गुरुपौर्णिमेला वाचली होती, आठवतं? छांदोग्यातली. मुलाला गुरूकडे जायचंय, गोत्र विचारतील म्हणून तो आईला विचारतो. जबाला म्हणते, तरुणपणी मी अनेक घरी राबले, तेव्हा तू झालास, तुझं गोत्र मला माहीत नाही. तू सांग, मी जबालेचा सत्यकाम. तो हारिद्रुमत गौतमांसमोर जाऊन जसंच्या तसं सांगतो, आणि ते म्हणतात समिधा घेऊन ये, तू सत्यापासून ढळला नाहीस. तेव्हाच्या पोस्टमध्ये मी सगळं कौतुक मुलाचं आणि गुरूचं केलं होतं. आता वाटतं, त्या गोष्टीत सर्वांत मोठी जोखीम आईने घेतली. मुलाला काहीतरी एक गोत्र सांगून ती मोकळी झाली असती. त्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून तिने स्वतःची अब्रू त्याच्या हातात दिली.

पण म्हणून मामीला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. जबालेच्या मुलासाठी दार उघडलं, हे आपल्याला शेवट माहीत असल्यामुळे सोपं वाटतं. मामीला शेवट माहीत होता, आणि तो वेगळा होता. खरं सांगितलं तर दार बंद होणार, हे नक्की.

तसंच झालं. मेडिकलला तो गेला, आणि त्याने सांगितलं. डॉक्टर सैन्यातले, हिंदीत बोलणारे. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "किसने बोला बताने को?" हा म्हणाला, "किसीने नहीं, साहब." माझं नाव त्याने का घेतलं नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. वरच्या तपासणीसाठी त्याला पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात पाठवलं, तेव्हा तो माझ्याकडे दोन दिवस राहिला. तिथेही अनफिट. त्या रात्री मी पिठलं-भात केला. त्याने नीट जेवून घेतलं, ताट स्वतः घासलं आणि पहाटे साडेचारला बूट बांधून खाली धावायला गेला. मी म्हणाले, "आज तरी झोप." तो म्हणाला, "सवय आहे."

आता तो एमआयडीसीत एका कंपनीत लागलाय, कंत्राटी. त्याच्याबरोबर धावणारी दोन मुलं बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेली. त्यातल्या एकाने लहानपणीचा दमा लपवला होता असं गावात बोलतात. खरं-खोटं मला माहीत नाही. तो मजेत आहे, फोटो पाठवतो. माझा भाऊ त्या फोटोंना लाइक करतो. मामा म्हणतो, "जाऊ दे, नशीब." मामी दिवाळीला माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. फराळाचा डबा मात्र भरून दिला, नेहमीपेक्षा जास्त चकल्या घातलेला. त्याचा अर्थ मला लावता येत नाही.

मी बरोबर केलं का? भावाच्या शेजारी झोपणाऱ्या त्या अनोळखी मुलासाठी, हो. भावासाठी? कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून, अनुभवाच्या खोट्या पत्रावर मिळालेल्या पगारात, मी वीस वर्षांच्या मुलाला त्याच्या सगळ्या आयुष्याची किंमत मोजायला सांगितली. त्याने मोजली. एका शब्दाने मला दोष दिला नाही. त्या किड्याच्या वेळी कर्ण जसा बसला होता ना, तसा तो बसलेला मला दिसतो. फक्त याने दारात खरं सांगितलं होतं.

लिंक्डइनवरून ती आठ महिन्यांची ओळ मी तेव्हाच काढली. तेवढं सोपं होतं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. एचआरला लिहायचा मेल मात्र ड्राफ्टमध्ये आहे. चार ओळींचा आहे. फेब्रुवारीपासून आहे. काल रात्री हे दोन अध्याय अखेर पूर्ण वाचून झाल्यावर मी तो पुन्हा उघडला, "इंटर्नशिप" या शब्दापुढे "केलेली नाही" असं स्पष्ट केलं, आधी तिथे जरा गोल लिहिलं होतं. पाठवला नाही अजून. घराचा हप्ता आहे, आईची औषधं आहेत, कारणं माझ्याकडेही भरपूर आहेत, आणि सगळी शास्त्राला धरून मांडता येतील.

भावाला विचारलं होतं, हे सगळं लिहू का? म्हणाला, "लिही. नाव टाकू नको. आणि माझी वेळ पाच-दहा होती, ते नक्की टाक."

उद्याचं वाचन: शांतिपर्व, अध्याय चौथा.